शेतमजुराची कबर शोधताना: फॅमिलीसर्च आणि फाइंड अ ग्रेव्ह वर्षभर वापरून

रिव्ह्यू दोन वेबसाईट्सचा आहे, जुन्या नोंदींतून पूर्वज शोधायची फॅमिलीसर्च आणि कबरी शोधायची फाइंड अ ग्रेव्ह. दोन्ही फुकट आहेत, फॅमिलीसर्चवर फक्त अकाउंट काढावं लागतं. मी गेलं वर्षभर जवळजवळ रोज रात्री यांच्यावर बसलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण मी सुरू केलं तेव्हा मराठीत कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नव्हतं.

झालं असं की माझ्या ताईचं सासर इंग्लंडमधलं. दाजींच्या घरी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसं, जमीन नाही, स्वतःचं घर नाही, मृत्युपत्र वगैरे तर विसराच. दाजींचे वडील आता ८० पार आहेत आणि त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आपल्या पणजोबांना कुठे पुरलंय. घरातले सगळे म्हणायचे की गावच्या चर्चच्या आवारातच असणार, पण त्या आवारात त्या आडनावाचा एकच दगड आहे आणि तो दुसऱ्याच शाखेतल्या एका सुताराचा निघाला. ताई मला म्हणाली तुला असल्या गोष्टींचा नाद आहे तर तूच बघ ना. मग काय, बसले.

आधी फॅमिलीसर्चबद्दल. ही साईट चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स चालवतं, त्यांच्या श्रद्धेत पूर्वजांना महत्त्व आहे म्हणून १८९४ साली युटामध्ये त्यांनी वंशावळीसाठी सोसायटी काढली आणि १९३८ पासून जगभर फिरून जुन्या रजिस्टरांचे मायक्रोफिल्म बनवायला घेतले. सॉल्ट लेक सिटीजवळ एका ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ते फिल्म ठेवलेत. २४ लाख रोल जमले होते, ते सगळे स्कॅन करण्याचं काम २०२१ ला संपलं. धर्माचं कारण असलं तरी वापरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, कोणत्याही धर्माचा माणूस वापरू शकतो. एका शेतमजुराच्या बाप्तिस्म्याची नोंद कुणीतरी डोंगरात जपून ठेवलीये याचं मला अजूनही खूप अप्रूप वाटतं.

आता वापरायला कशी आहे ते. सर्चच्या चौकटीत नाव टाकलं की नोंदींची यादी येते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. तिथे थांबू नका. ती यादी म्हणजे इंडेक्स, कुणा स्वयंसेवकाने जुनं अक्षर वाचून टाइप केलेली, त्यात चुका असतातच आणि मूळ पानावरच्या निम्म्या गोष्टी त्यात घेतलेल्याच नसतात. खरी साईट आहे ती कॅटलॉगमध्ये. गावाचं नाव टाकायचं, मग तिथली कोणती रजिस्टरं कोणत्या सालापासून आहेत ते दिसतं, शेजारी कॅमेऱ्याचं चित्र असलं की पानं घरबसल्या उघडतात आणि कॅमेऱ्यावर किल्ली असली तर त्यांच्या सेंटरमध्ये किंवा संलग्न लायब्ररीत जाऊनच बघता येतात, कारण मूळ कागद ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याशी झालेल्या करारात तशी अट असते. इंग्लंडच्या काही काउंट्यांचं (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) भरपूर उघडं आहे, काहींचं जवळजवळ बंद. तुमचं गाव कोणत्या काउंटीत पडतं हा शेवटी नशिबाचा भाग.

त्यांचं रिसर्च विकी मात्र सगळ्यांना सगळीकडून उघडतं आणि मला विचाराल तर या साईटवरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. कोणत्या काउंटीत कोणत्या साली काय लिहून ठेवायचे, कुठली रजिस्टरं हरवलीत, शेजारची पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग) कोणती, सगळं. मी पहिले दोन महिने ते न वाचता शोधत बसले तो वेळ सगळा वाया गेला.

शोध मी अलीकडून पलीकडे नेला. सुरुवात १९११ च्या जनगणनेपासून. तिचं मूळ पान बघायला मला दुसऱ्या एका साईटवर पैसे भरावे लागले, फॅमिलीसर्चवर फक्त इंडेक्स होता. पण ते पान बघाच असं मी प्रत्येकाला सांगते कारण १९११ चा फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला असतो आणि लग्न झालेल्या बाईला त्यात विचारलंय की लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, जिवंत किती, गेलेली किती. आमच्या पानावर होतं ११ झाली, ७ आहेत, ४ गेली. घरात कुणालाच या ४ मुलांबद्दल माहीत नव्हतं. ती मला नंतर एकेक करून सापडली, जन्म-मृत्यूच्या सरकारी इंडेक्समध्ये आणि चर्चच्या दफन रजिस्टरमध्ये, त्यातली दोन एकाच आठवड्यात गेलेली. दाजींच्या वडिलांना फोनवर हे सांगताना मला बोलवेना.

या सरकारी इंडेक्सबद्दल एक महत्त्वाचं. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जुन्या इंडेक्समध्ये बाळाच्या आईचं माहेरचं नाव १९११ नंतरच मिळायचं, पण २०१६ साली जनरल रजिस्टर ऑफिसने नवा ऑनलाइन इंडेक्स आणला त्यात ते पार १८३७ पासून आहे आणि मृत्यूच्या नोंदीत वयही आहे. शोधायला पैसे लागत नाहीत. एकाच गावात एकाच आडनावाची चार घरं असली की आईचं माहेरचं नाव म्हणजे हातात किल्लीच.

तिथून मागे १८८१. ही जनगणना फॅमिलीसर्चवर फुकट आहे, स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवलेली. पणजोबा तिथे ३३ वर्षांचे, व्यवसायाच्या रकान्यात 'अ‍ॅग लॅब', म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर. हे शोधणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द कायम असतो, आमचे सगळे अ‍ॅग लॅब होते असंच म्हणतात लोक. १८५१ मध्ये ते ३ वर्षांचं पोर आणि बापाचं वय ३३. मग १८४१ मध्ये बाप २३-२४ चा हवा ना, तर तिथे लिहिलंय २०. मी म्हटलं हा माणूसच वेगळा असणार, सोडून दिला, आणि विकी वाचल्यावर कळलं की १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांचं वय खालच्या ५ च्या पटीत उतरवून लिहायला सांगितलं होतं. २४ चे २० झाले. शिवाय त्या वर्षी नातं लिहीत नव्हते आणि जन्मगावाऐवजी फक्त याच काउंटीत जन्मला का, एवढंच विचारलंय. त्यामुळे १८४१ च्या एकट्या पानावर कधीच विसंबू नका, १८५१ शी जुळवून बघा.

१८३९ चं लग्न सापडलं चर्चच्या रजिस्टरमध्ये. १८३७ नंतरच्या लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो हे फार बरं. नवरा-नवरी दोघांनीही सहीच्या जागी फुली मारलेली. इंडेक्समध्ये ही फुली येत नाही, म्हणून परत सांगते, पान उघडा. जाड शाईची, जरा तिरकी, एवढी एकच गोष्ट त्या माणसाच्या स्वतःच्या हातची उरलीये.

यानंतर माझी मोठी चूक झाली ती सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची व्हायला नको. पणजोबांचा बाप जॉन आणि त्याचाही बाप जॉन अशी जोडी शोधताना त्या पॅरिशमध्ये १८१६ आणि १८१७ असे दोन बाप्तिस्मे निघाले, दोन्ही जॉन, दोन्हीकडे बाप पण जॉन. एका साईटवर कुणीतरी बनवलेल्या वंशवृक्षात १८१६ चा जॉन आमच्या माणसाला जोडलेला होता, मी तो तसाच उचलला आणि त्याच्यामागे तीन महिने गेले, त्याचे आजोबा, त्यांचे भाऊ, सगळं खोदून काढलं. मग एका रात्री दफन रजिस्टर उगाच शेवटपर्यंत चाळलं आणि त्यात १८१६ चा जॉन, वय ३ महिने. तो बाळपणीच गेला होता! म्हणजे तीन महिने मी परक्या घराचं काम करत होते. तेव्हापासून माझा नियम, बाप्तिस्मा सापडला की पुढच्या १० वर्षांचं दफन रजिस्टर वाचायचंच. १८१३ पासून इंग्लंडमध्ये छापील फॉर्मची रजिस्टरं आली, त्यात मेलेल्याचं वय आणि राहण्याचं ठिकाण असतं म्हणून हे जमतं. त्याआधीच्या नोंदी काही ठिकाणी नुसत्या एका ओळीच्या, 'एक गरीब म्हातारी पुरली' एवढ्यासुद्धा मिळतात.

फॅमिलीसर्चवरचा मोठा सामायिक वंशवृक्ष याच कारणाने जपून वापरा. तो सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे, मेलेल्या माणसाचं पान कुणीही बदलू शकतं, तशी त्याची रचनाच आहे. तुम्ही जोडलेलं उद्या दुसरं कुणी प्रेमाने का होईना पण तोडू शकतं. जिवंत माणसांची पानं मात्र दुसऱ्यांना दिसत नाहीत. मी माझं सगळं वेगळ्या फाईलमध्ये ठेवते आणि वृक्षावर जे टाकते त्याला नोंदीचा पुरावा जोडते आणि कारण लिहिते, म्हणजे बदलणाऱ्याला निदान विचार करावा लागेल.

आता ज्यासाठी मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला तो भाग. सगळ्यांना वाटतं की गरिबाचे कागद नसतात. उलट आहे हो. त्या काळी इंग्लंडमध्ये गरिबाला मदत करायची जबाबदारी पॅरिशवर होती आणि १६६२ च्या सेटलमेंट कायद्याने प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका पॅरिशचा ठरायचा. दुसऱ्या गावी कामाला आलेला मजूर आजारी पडला, खायला मागायला लागला की लगेच प्रश्न, हा आपला का त्यांचा? मग त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून सगळं विचारायचे, कुठे जन्मलास, बाप कुठला, कुणाकडे किती वर्षं राबलास. एखादा बिनलग्नाचा सालगडी म्हणून पूर्ण वर्षभर एका ठिकाणी राहिला तर तिथली सेटलमेंट मिळायची, म्हणून ते खोदून खोदून विचारायचे. आणि ते सगळं लिहून घ्यायचे, खाली त्याची फुली. नाही पटलं तर रिमूव्हल ऑर्डर, बायकापोरांसकट गाडीत घालून परत.

आमच्या १८१७ च्या जॉनच्या बापाचा असा जबाब मला मिळाला. १८२१ चा. दीड पान. कुठल्या गावी जन्मला, ९ वर्षांचा असताना कुणाच्या शेतावर कामाला लागला, कुठल्या मालकाने वर्ष संपायच्या आठवडाभर आधी काढून टाकलं. हे शेवटचं मी दोनदा वाचलं आणि मग त्याचा अर्थ लागला, वर्ष पुरं झालं असतं तर हक्क मिळाला असता म्हणून आठवडाभर आधी हाकललं. जमीनदारांच्या घराण्यांची चित्रं असतात, पुतळे असतात, पण आपलं आयुष्य असं ओळीने सांगितलेलं त्यांच्यात तरी कितीजणांचं असेल. ज्याला सही येत नव्हती त्याचं सगळ्यात मोठं बोलणं आमच्याकडे आहे.

हे कागद काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, ओव्हरसीअर (पॅरिशमधल्या गरिबांच्या मदतीचं बघणारा माणूस) किंवा पुअर लॉ (गरिबांचा कायदा) या नावाखाली, काहींचे फिल्म फॅमिलीसर्चवर आहेत. सर्चच्या चौकटीत ते येतीलच असं नाही, कॅटलॉगमध्ये गावाखाली बघा. २०२४ पासून त्यांनी फुल टेक्स्ट सर्च आणलंय, कॉम्प्युटर हाताने लिहिलेलं अक्षर वाचतो आणि आतल्या कुठल्याही शब्दावरून पान शोधता येतं. सुरुवात अमेरिकेच्या जमिनीच्या आणि वारसाच्या कागदांवर आणि मेक्सिकोच्या नोटरी कागदांवर झाली, पुढे वाढवत नेलंय. इंडेक्समध्ये न आलेले साक्षीदार, शेजारी, नोकर यातून वर येतात. शेतमजुरासाठी हे फार मोठं आहे कारण तो स्वतःच्या नावाच्या कागदात कमी आणि दुसऱ्यांच्या कागदात जास्त सापडतो.

आडनावाच्या स्पेलिंगवर मात्र अडून राहू नका. सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं, लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. बोलीत 'ह' गळतो, त्यामुळे हॅरिसचा अ‍ॅरिस होतो आणि वर्णक्रमात पार दुसऱ्या टोकाला जातो. चौकटीत तारा (*) आणि प्रश्नचिन्ह (?) चालतं, तारा म्हणजे कितीही अक्षरं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक. तेही नाही जमलं तर आडनाव सोडून द्या आणि फक्त नाव, गाव, आईचं नाव टाका. आमची एक आजी अशीच सापडली.

आता फाइंड अ ग्रेव्ह. ही १९९५ साली जिम टिप्टन यांनी स्वतःच्या हौसेपोटी सुरू केली, आधी प्रसिद्ध माणसांच्या कबरींसाठी, २०१३ मध्ये अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली पण बघायला अजून फुकट आहे. स्वयंसेवक कबरस्तानात जाऊन फोटो काढतात आणि टाकतात. तुम्ही फोटोची विनंती टाकली की त्या भागात राहणारं कुणीतरी जाऊन काढून देतं. मला पाच दिवसांत फोटो मिळाला, एका अनोळखी बाईने पावसात जाऊन काढलेला, आणि तिने आजूबाजूच्या सगळ्या ओळींचेही काढून पाठवले. इतकं कोण करतं.

तिथे दगडाचा फोटो म्हणजे पुरावा, पण फोटोखाली लिहिलेली नाती म्हणजे कुणाचा तरी अंदाज, हे दोन वेगळं ठेवा. दगडसुद्धा कधी कधी मृत्यूनंतर ३०-४० वर्षांनी बसवलेला असतो आणि तारीख चुकलेली असते. तुम्ही स्वतः जाणार असाल तर दुपारी बाराला जाऊ नका, ऊन कडेने पडत असताना जा किंवा आरशाने प्रकाश बाजूने टाका, पुसट अक्षरं उठून दिसतात. खडू, दाढीचा फेस, ब्लीच, तारेचा ब्रश यातलं काहीही दगडाला लावू नका, दगड कायमचा खराब होतो. परवानगी घेऊन साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. आणि दगड वाचता येतच नसेल तर त्या काउंटीच्या फॅमिली हिस्टरी सोसायटीला विचारा, अशा सोसायट्यांनी कित्येक आवारांतले शिलालेख ३०-४० वर्षांपूर्वीच उतरवून ठेवलेत, तेव्हा अक्षरं शाबूत होती.

पण शेतमजुरांच्या बाबतीत फाइंड अ ग्रेव्हची मर्यादा उघड आहे, दगडच नाहीत तर फोटो कशाचा. दगडाला पैसे लागायचे. कुणी लाकडाची फळी लावायचं, ती कुजून गेली, कुणी काहीच नाही. त्यात विसाव्या शतकात गवत कापायला सोपं जावं म्हणून बऱ्याच आवारांतले दगड उचलून भिंतीला लावून ठेवले, त्यामुळे दगड आहे तिथेच माणूस आहे असंही नाही. म्हणून कबर शोधायची तर आधी दफन रजिस्टर, मग दगड. उलटं केलंत तर निराश व्हाल.

पणजोबांची नोंद अखेर मिळाली. १९१९, त्याच गावच्या चर्चच्या दफन रजिस्टरमध्ये, वय ७१. राहण्याच्या रकान्यात वर्कहाउसचं नाव. म्हणजे शेवटचे दिवस त्यांनी गरीबखान्यात काढले, पण पुरायला गावी आणलं. कुणी आणलं माहीत नाही, गाडीभाडं कुणी दिलं माहीत नाही. मी ते पान ताईला पाठवलं, तिने दाजींना, दाजींनी त्यांच्या वडिलांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे, मग विचारलं, आवारात कुठल्या बाजूला? ते रजिस्टर सांगत नाही.

आणि या सगळ्या घरात दगडावर नाव कोरलेला एकच माणूस निघाला, पणजोबांचा धाकटा मुलगा. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गेला, वय २५. त्याचा देह मिळाला नाही, नाव थिएपव्हालच्या स्मारकावर आहे, तिथे ७२,००० हून जास्त नावं आहेत. हे मला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर मिळालं, तीही फुकट आहे आणि तिथे दोन्ही महायुद्धांतल्या १७ लाख जणांची नोंद आहे. १९१७ ला कमिशन सुरू झालं तेव्हापासून तत्त्व असं की हुद्दा कोणताही असो, आदर सारखा. नोंदीत आईबापाची नावं आणि गाव होतं, त्यामुळे तो आमचाच हे पक्कं झालं. त्याचे लष्करी कागद मात्र नाहीत, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे निम्म्याहून जास्त कागद जळले त्यात ते गेले असणार. अजून एक, १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत गेली आणि १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, तेव्हा त्या काळासाठी १९३९ चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर सरकारने केलेली लोकांची नोंद) बघा.

तर फॅमिलीसर्चला माझे ५ पैकी ५, इंडेक्सच्या पुढे जाऊन पानं वाचायची तयारी असेल तर. ती नसेल तर ३, कारण नुसत्या यादीवरून चुकीचं घर जोडून बसाल. फाइंड अ ग्रेव्हला ४, आणि तो फोटो काढणाऱ्या बाईंना वेगळे ५.

सध्या मी १७५२ च्या आधीच्या पानांवर आहे. तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी एक साल मागे वाटतात, कागदावर दोन्ही सालं लिहून ठेवा. आणि १७३३ च्या आधीच्या बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये, पण ठराविक २०-२५ शब्दच परत परत येतात, जमतं. जबाबात सांगितलेल्या जन्मगावचं रजिस्टर कॅटलॉगमध्ये किल्लीवालं निघालंय, तर ताई पुढच्या महिन्यात तिकडच्या सेंटरमध्ये जाणार आहे. तिला कुठली पानं बघायची त्याची यादी दिलीये. सापडलं की इथेच खाली अपडेट टाकते.